सतरा नंबरचं शटर

टीव्हीवर मी एकदाच दिसले, तेही हातात लाकडी हातोडा आणि चेहऱ्यावर दुसऱ्या कुणीतरी थापलेली पावडर अशा अवतारात. तेवढ्यावरून लोणावळ्याच्या बाजारात अजून बायका मला अडवतात. "नसीममावशी, ते शटर उघडायचं वगैरे खरं असतं का हो?" भाजी निवडता निवडता मी "थोडं खरं, थोडं नाटक" असं सांगून सुटका करून घेते. या अंकाच्या संपादकांना मात्र तेवढ्यानं समाधान झालं नाही. ते म्हणाले, कुठलं खरं आणि कुठलं नाटक ते नीट लिहूनच द्या. आता मी निवृत्त झाले आहे, शेठ मला काढून टाकू शकत नाहीत, म्हणून लिहिते.

कुसगावला आमचं गोदाम होतं. गोदाम म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं धान्याची पोती येतात. आमच्याकडं पोती नव्हती. पूर्वी तिथं कोंबड्यांची शेड होती. शेठनी ती पाडून ओळीनं बावीस खोल्या काढल्या, प्रत्येकीला लोखंडी शटर बसवलं आणि घरगुती सामान ठेवायला त्या भाड्यानं द्यायला सुरुवात केली. आम्हाला वाटलं, कोण येणार? पण माणसाकडं जागा कमी आणि सामान जास्त, हे शेठना आमच्या आधी कळलं होतं. कुणी बंगला विकला, पण आईचा पलंग विकायला हात धजत नाही. कुणाची बदली झाली. दोन भाऊ वेगळे झाले आणि शिसवी कपाट कुणाचं यावर घोडं अडलं, म्हणून कपाट आमच्याकडं. कुलूप गिऱ्हाईकाचं, त्यावर सील आमचं. भाडं घेणं, पावती फाडणं, उंदीर मारणं आणि पावसाळ्यात बुरशीशी भांडणं ही माझी कामं. त्याला मॅनेजर म्हणत.

एकवीस वर्षं मी हे केलं. आठ नंबरमध्ये पुण्याच्या एका निवृत्त साहेबांचं सामान होतं. ते दर रविवारी यायचे, शटर अर्धं वर करायचे, आत स्वतःच्याच आरामखुर्चीत बसून पेपर वाचायचे आणि दुपारी कुलूप लावून परत जायचे. एकदा न राहवून मी विचारलं, "साहेब, एवढी आवडती खुर्ची, घरी का नेत नाही?" ते म्हणाले, "घरात खुर्चीला जागा आहे हो. मला नाही." मी त्यांना चहा पाठवायला लागले. बारा नंबरमध्ये एका हॉटेलनं हनिमूनच्या जोडप्यांसाठी आणलेल्या बदामाच्या आकाराच्या लाल उशा होत्या. हॉटेल बंद पडलं, मालक गायब झाला आणि उशा माझ्या गळ्यात पडल्या. शेवटी लिलावात त्या एका पोल्ट्रीवाल्यानं घेतल्या. कशाला, ते मी विचारलं नाही.

लिलाव कसा होतो, तेही सांगते. भाडं बंद झालं की आधी फोन, मग रजिस्टर पत्रं, मग पेपरात नोटीस. तरी कुणी आलं नाही तर बोली. आमच्याकडं बोली म्हणजे तीन-चार जुन्या बाजारवाले यायचे, दारातूनच आत बघायचे, नाकानं वास घ्यायचे, कारण ओल लागलेलं लाकूड डोळ्याआधी नाकाला कळतं, आणि दहा मिनिटांत सौदा व्हायचा. सौदा झाला की मी शटरवर तीनदा तळहात आपटायची. हातोडा-बितोडा काही नव्हता. एकवीस वर्षांत कुठल्याही खोलीत हिरे, तलवार किंवा मृतदेह सापडला नाही. मिक्सर मात्र भरपूर सापडले.

आणि अशा ठिकाणी चॅनेलवाले आले.

त्यांच्या कार्यक्रमाचं नाव 'शटर वर!' बंद खोल्यांवर बोली लावायची, मग आत काय निघतं ते बघायचं. परदेशात म्हणे असले कार्यक्रम फार चालतात. शेठना कुणीतरी भेटलं आणि शेठ हुरळून गेले. दिग्दर्शकाचं नाव समीर. वय पस्तीसच्या आसपास, लोणावळ्याच्या थंडीत अर्धी चड्डी. पहिल्या दिवशी माझ्या हातात एक लाकडी हातोडा देऊन तो म्हणाला, "मावशी, लिलाव तुम्हीच करायचा. तुमचा फेस एकदम ऑथेंटिक आहे." असल्या चेहऱ्याचे वेगळे पैसे मिळत नाहीत, हे मला नंतर कळलं.

पहिल्या शॉटमध्ये मी शटर वर करायचं आणि आतलं बघून दचकायचं, असं ठरलं. मी शटर वर केलं.

"कट! मावशी, दचका ना."

"मी कशाला दचकू? हे सामान माझ्यासमोर आत गेलंय."

"पब्लिकला माहीत नाही ना ते."

सात वेळा मी ते शटर वर केलं. सातव्या वेळी कमरेत उसण भरली आणि मी "आई गं!" म्हणून ओरडले. समीर खूश झाला. तोच शॉट टीव्हीवर दाखवला.

सामान साधं असेल तर चॅनेलवाले त्यात आपल्याकडचं काही मिसळायचे, हे दुपारपर्यंत माझ्या लक्षात आलं. पाच नंबरच्या खोलीत मूळ सामान म्हणजे दोन गाद्या, एक सायकल आणि वॉशिंग मशीन. बोलीच्या वेळी मात्र त्यांच्यामागं पितळी कर्ण्याचा एक ग्रामोफोन चमकत होता. बोली लावायला मुंबईहून आणलेले तज्ज्ञ होते किशोरभाई. जुन्या वस्तूंचे व्यापारी, गळ्यात सोनेरी साखळी, कपाळावर सरकवलेला गॉगल. त्यांनी कॅमेऱ्याकडं बघत ग्रामोफोनवर हात फिरवला. "शंभर वर्ष जुना पीस आहे! लाखात एक!"

बोली लावणाऱ्यांत लोणावळ्याचे आमचे गजाभाऊ होते. त्यांचं जुन्या सामानाचं दुकान आहे आणि माझ्या प्रत्येक लिलावाला ते हजर असायचे. ते ग्रामोफोनकडं टक लावून बघत होते. मग मोठ्यानं म्हणाले, "शंभर कुठले? मागच्या दिवाळीत मीच जोडलाय तो. कर्णा एका पेटीचा, पेटी दुसऱ्याची. खाली माझ्या दुकानाचं लेबल असेल, बघा."

किशोरभाईंनी पेटी उचलली. लेबल होतं. चॅनेलच्या कुठल्याशा माणसानं चार दिवसांपूर्वी तो ग्रामोफोन गजाभाऊंच्याच दुकानातून भाड्यानं नेला होता, आणि कशासाठी ते सांगितलं नव्हतं. समीरनं "कट, कट" करत गजाभाऊंना बाजूला घेतलं. पुन्हा शॉट घेऊ, तुम्ही फक्त आश्चर्य दाखवा आणि बोली लावा. गजाभाऊ म्हणाले, "साहेब, ज्याचं भाडं मी घेतलंय, ते मीच विकत कसं घेऊ? घेतलं तर आणून कुणाला देऊ?" गजाभाऊ त्या दिवशी घरी गेले आणि मी मनातल्या मनात त्यांच्यासाठी शटर तीनदा वाजवलं.

हे झालं नाटक. आता सतरा नंबर.

सतरा नंबरची खोली टाकवे बुद्रुकच्या बबनआबांची. भाताची शेती, गावात मान, बोलणं कमी. शूटिंगच्या सहा वर्षं आधी ते एक टेम्पो भरून सामान घेऊन आले होते. कपाट, पलंग, शिलाई मशीन, हंडे, डबे, पातेली, सगळं कोरं. एकुलत्या एक मुलीच्या लग्नासाठी जमवलेला तो संसार होता. लग्न आठ दिवसांवर आलं असताना मुलगी, वैशाली, एका रिसॉर्टात एसी दुरुस्त करणाऱ्या मुलाबरोबर गेली आणि रजिस्टर लग्न करून मोकळी झाली. आबांनी मुलीचं नाव टाकलं. पण सामान टाकवेना आणि घरातही बघवेना. म्हणून ते माझ्याकडं आलं. आबांनी स्वतः त्यावर निळी ताडपत्री टाकली, चारी बाजूंनी दोरीनं करकचून बांधली, आणि कुलूप लावलं.

फॉर्मवर 'दुसरा संपर्क' अशी एक ओळ असते. आबांनी तिथं सवयीनं मुलीचं नाव आणि नंबर लिहिला, मग थांबले, आणि त्यावर काट मारली. एकच रेघ. सरळ, बारीक. खालचा नंबर स्वच्छ वाचता येत होता.

साडेचार वर्षं ते महिन्याच्या महिन्याला यायचे, भाडं द्यायचे, सतरा नंबरपुढं मिनिटभर उभे राहायचे आणि जायचे. शटर कधी उघडलं नाही. मग यायचे बंद झाले. मी फोन केला तर म्हणाले, "इका."

"आबा, असं कसं विकू? तुम्ही येऊन घेऊन जा."

"मला काय बी नको त्यातलं. इका म्हनलं ना."

पैशाची अडचण नव्हती, हे मला माहीत होतं. माणूस थकला होता. मी पत्रं पाठवली, ती त्यांनी सही करून घेतली आणि गप्प बसले. मीही गप्प बसले. वर्ष-दीड वर्ष मी सतरा नंबर यादीत घेतलाच नाही. पण समीरला त्या शटरचा गंज आणि त्यावर चढलेली वेल फार आवडली. कॅमेऱ्यात छान दिसेल म्हणाला. शेठनी विचारलं, भाडं थकलंय ना? मग घ्या.

मी स्वतः टाकव्याला गेले. आबा खळ्यावर भाताच्या पेंढ्या रचत होते. त्यांनी मला बसायला दिलं, सुनेसारखी वागणारी शेजारीण चहा घेऊन आली. मी सगळं सांगितलं.

"टीव्हीवर?" आबांचा हात थांबला.

"होय. शटर उघडणार, बोली लावणार, मग सामान दाखवणार. सगळा मावळ बघेल, आबा. अजून वेळ आहे. उद्या या, भाडं नंतर बघू, सामान घेऊन जा."

आबांनी एक पेंढी उचलली, रचली, दुसरी उचलली. "दावू द्या. त्यात काय चोरीचं न्हाई."

परतताना मी रिक्षात बसून विचार करत होते. आमच्या धंद्याचा पहिला नियम असा की कुणाचं सामान कुठल्या खोलीत आहे, ते दुसऱ्याला सांगायचं नाही. नवऱ्याचं बायकोला नाही, भावाचं भावाला नाही. तो नियम मी एकवीस वर्षांत एकदाही मोडला नव्हता. ऑफिसात आले, सतरा नंबरचा फॉर्म काढला आणि काट मारलेला नंबर फिरवला.

"कोण?" पलीकडून बाईचा आवाज आला. मागं लहान मूल काहीतरी आपटत होतं.

मी कोण ते सांगितलं. सतरा नंबरचं सांगितलं. तिनं मागची आपटाआपट थांबवली. मग म्हणाली, "आबांनी ते ठेवलंय? मला वाटलं, रागात इकलं असंल कवाच."

"नाही विकलं. परवा विकलं जाईल."

"मावशी, मला मिळंल का?"

"मी देऊ शकत नाही, पोरी. खोली तुझ्या वडिलांच्या नावावर आहे. पण बोली काय, कुणीही लावू शकतं."

याहून जास्त बोलले नाही. तेवढंही बोलायला नको होतं, हे मला कळत होतं. पण फोन ठेवल्यावर मी शांतपणे जेवले, हेही खरं.

माझा हिशोब सोपा होता. ताडपत्रीखाली काय आहे कुणाला दिसणार नाही, कुणी फार बोली लावणार नाही, वैशालीला सामान स्वस्तात मिळेल आणि आबांना कळणारही नाही. एवढा हुशार बेत आखल्यावर मी मोठ्या खुशीत लिलावाला उभी राहिले.

सकाळी बोली लावणारे लोक आले. चॅनेलनं प्रत्येकाला नंबर लिहिलेली एक पाटी दिली होती. बोली वाढवायची तर पाटी वर करायची, आकडा निवेदक ओरडायचा. एक तरुण बाई स्कूटरवरून आली. डोळे सोडून सगळा चेहरा ओढणीत गुंडाळलेला, जशा आपल्याकडच्या मुली धुळीसाठी गुंडाळतात. माझ्याजवळून जाताना कुजबुजली, "मावशी, मीच ती." आणि पुढच्या रांगेत बसली. पाटी नंबर सहा.

थोड्या वेळानं मागच्या रांगेत एक गृहस्थ येऊन बसले. भर उन्हात कानटोपी, वर मफलर, डोळ्यांवर काळा चष्मा. असं सोंग केलेला माणूस न दिसणं शक्य आहे का? सगळे त्यांच्याकडंच बघत होते. मी खाली बघितलं. छत्रीची मूठ ओळखीची होती. त्या छत्रीला टेकून बबनआबा माझ्या ऑफिसात साडेचार वर्षं उभे राहिले होते. पाटी नंबर अकरा.

मी समीरला म्हटलं, "जरा पाच मिनिटं थांबा."

"मावशी, उजेड जातोय. रोल!"

सकाळचे अकरा वाजले होते. उजेड कुठं जात होता देव जाणे.

शटर वर केलं. ताडपत्रीचा निळा डोंगर. लोकांनी दारातून बघितलं, वास घेतला, नाकं मुरडली. मी बोली पुकारली. सहा नंबरची पाटी वर गेली. मी मनात म्हटलं, संपव आता. एक वार, दोन वार म्हणायला तोंड उघडते तोच मागून अकरा नंबर वर. लगेच सहा. लगेच अकरा. पुढं बसलेल्या वैशालीला मागं कोण आहे ते दिसत नव्हतं आणि आबांना पुढच्या बाईचं फक्त डोकं दिसत होतं. परका माणूस आपल्या आबांचं सामान लांबवतोय म्हणून ती चिडून पाटी उचलत होती. परकी बाई आपल्या लेकीचा संसार नेतेय म्हणून ते छत्री आपटत होते. निवेदक घसा ताणून आकडे ओरडत होता आणि हे सगळं ज्या एकाच व्यक्तीला समजत होतं, तिच्या हातात हातोडा होता.

वीस हजार. बावीस. पंचवीस. समीर आनंदानं एका पायावर नाचायला लागला.

आता किशोरभाई सावरून बसले. शेजारच्याला म्हणाले, "गावचे लोक असे येडे नाय होत. ह्या दोघांना मालूम आहे, आत काय आहे." खरंच होतं ते. बोली लावणाऱ्यांत त्या दोघांनाच ठाऊक होतं. किशोरभाईंची पाटीही वर जायला लागली.

तीस. बत्तीस. वैशालीनं घरून निघताना जो आकडा ठरवला असेल, तो मागं पडला असणार. ती उभी राहिली आणि पाटी बाजूला टाकून ओरडली, "पस्तीस! माझे पस्तीस!"

मागच्या रांगेत अकरा नंबरची पाटी वर जाता जाता अर्ध्यावर थांबली. सहा वर्षांत ऐकला नव्हता, तरी आवाज ओळखायला आबांना क्षणही लागला नाही. ते उठून उभे राहिले. खुर्ची पडली. त्या आवाजानं वैशालीनं मागं वळून बघितलं. टोपी, मफलर, काळा चष्मा. आणि छत्री. तिनं तोंडावरची ओढणी खाली ओढली.

दोघं एकमेकांकडं बघत राहिले.

किशोरभाईंना वाटलं, दोघांचे पैसे संपले. "पन्नास हजार!" त्यांनी पाटी उंच धरली.

"पन्नास हजार एक वार," मी म्हटलं आणि आबांकडं बघितलं. ते ऐकतच नव्हते. "पन्नास हजार... दोन वार." वैशालीकडं बघितलं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी हातोडा हवेत धरून उभी राहिले. जगात कुठल्याही लिलावात दोन आणि तीनमध्ये एवढा वेळ गेला नसेल. समीर दात ओठ खात खुणा करत होता. शेठ हात जोडत होते. बोली म्हणजे बोली. मी हातोडा मारला. धंद्यात मला आयुष्यभर ज्याची खंत राहील, असं काही असेल तर तो आवाज.

किशोरभाईंनी थाटात कॅमेऱ्याकडं बघून गॉगल चढवला, कटरनं दोऱ्या कापल्या आणि ताडपत्री ओढली. कपाट. पलंग. शिलाई मशीन. एकात एक रचलेली पातेली. किशोरभाईंनी कपाट उघडलं, रिकामं. मशीनचा खण ओढला, रिकामा. मिक्सरचं खोकं हलवून बघितलं. चेहरा पडत चालला होता. शेवटी त्यांनी एक पातेलं उचललं आणि उजेडात धरून त्यावर कोरलेली अक्षरं वाचली.

"चि. वैशाली हिस आबांकडून."

दुसरं पातेलं. "चि. वैशाली हिस आबांकडून." परात. हंडा. डब्याचं झाकण. किशोरभाई एकेक उचलून मोठमोठ्यानं वाचत होते आणि प्रत्येक वेळी त्यांचा आवाज आणखी रडवेला होत होता, कारण नाव घातलेली भांडी बाजारात कुणी घेत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार? चमच्यांपर्यंत आल्यावर ते ओरडले, "अरे, ही वैशाली हाय तरी कोण?"

"मी," वैशाली म्हणाली.

"आणि हे आबा?"

आबांनी कानटोपी काढली.

किशोरभाईंनी डोक्याला हात लावला. "म्हणजे तुम्ही बाप-बेटीनी मिळून मला चढवला?" कसं समजावणार त्यांना? भाडं वळतं करून उरलेली रक्कम ज्याची खोली त्याला परत द्यायची, असा आमचा नियम होता. म्हणजे त्यांचे पैसे शेवटी आबांच्याच हातात पडणार होते. हे मी तेव्हा बोलले नाही. त्यांना आधीच घाम फुटला होता.

वैशाली डोळे पुसत पुढं आली. "काका, माझ्याकडं बत्तीस हजार हाईत. सगळे घ्या, पण ही भांडी..."

"तू गप," मागून आबांचा आवाज आला. "मधी बोलू नगंस. भाव मी करतो."

सहा वर्षांनंतर बापानं लेकीशी बोललेले हे पहिले शब्द. वैशालीनं तोंड मिटलं. पण तिचा चेहरा असा झाला, की जणू कुणी तिला मोठं बक्षीस दिलं आहे.

आबा किशोरभाईंपुढं येऊन उभे राहिले. त्यांनी एक पातेलं उचललं, बोटानं वाजवलं. "ह्ये कोन घेनार तुमच्याकडनं? घरोघर वैशाली हुडकत फिरनार व्हय?"

"चाचा, माल नवा आहे. पॅक आहे."

"नवा हाय, पर नाव घातल्यालं हाय. मोडीच्या भावात बी कुरकूर करतील." मुलीच्या नावाचा असा खोट म्हणून उपयोग करताना आबांच्या डोळ्यांत मात्र वेगळंच काही दिसत होतं. मग त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, किशोरभाईंच्या उजव्या हातावर टाकलं आणि स्वतःचा हात त्याखाली घातला. आमच्याकडं बैलबाजारात असाच सौदा करतात. तोंडानं आकडा सांगायचा नाही, उपरण्याखाली बोटं दाबून सांगायचा. बघणाऱ्याला काही कळत नाही.

मला वाटलं, मुंबईचा माणूस हात झटकून टाकेल. पण किशोरभाईंच्या चेहऱ्यावर एकदम हसू आलं. "माझे दादाजी कपड्याच्या बाजारात असं करत," ते म्हणाले आणि त्यांनीही बोटं चालवली.

आबांनी मान हलवली. किशोरभाईंनी डोळे मोठे केले. उपरणं हललं, थांबलं, पुन्हा हललं. सगळं युनिट श्वास रोखून बघत होतं. समीरनं कॅमेरा जवळ आणवला, मग आणखी जवळ, मग खाली वाकून उपरण्याच्या आत डोकावायला सांगितलं. "अहो, फिगर बोला ना! पब्लिकला कळायला पाहिजे!"

"पब्लिकला कळवायचं तर उपरनं कशाला टाकलं?" आबा म्हणाले.

सौदा झाला. आकडा आजपर्यंत कुणालाच माहीत नाही. मी विचारलं होतं, दोघांनीही सांगितलं नाही. चॅनेलनं तो भाग गाळला आणि त्या जागी माझं "आई गं!" पुन्हा एकदा दाखवलं.

दुपारी टेम्पो आला. कपाट चढलं, पलंग चढला, पातेली पोत्यात बांधून झाली. टेम्पोवाल्यानं स्टेअरिंगवर बसून विचारलं, "कुटं न्यायचं?"

वैशाली स्कूटरचा आरसा पुसत होती, जो आधीच स्वच्छ होता. आबा छत्रीनं माती उकरत होते. मग ते माझ्याकडं बघून म्हणाले, "ताई, जरा इचारा तिला."

"तुम्हीच विचारा की. चार हातांवर उभी आहे."

आबांनी घसा साफ केला. जमिनीकडं बघतच विचारलं, "घर..."

"मळवलीला," वैशाली घाईघाईनं म्हणाली. "स्टेशनापासनं पुढं, डाव्या हाताला, त्या आंब्याच्या..."

"त्ये ठावं हाय मला," आबा म्हणाले. "जिना किती रुंद हाय, त्ये इचारतोय. कपाट चढंल का?"